हरल्याचा फोन

नंदू,

मंगळवारी मधल्या सुट्टीत मी तुझ्या नंबरवर फोन केला. तू जाऊन आठवडाही झाला नव्हता. वाटलं होतं, फोन बंद असेल, बाई ठरलेलं वाक्य बोलेल आणि माझं कर्तव्य उरकेल. तर दुसऱ्याच रिंगला तुझ्या शुभाने उचलला. "बोल, वैशाली." तुझ्या फोनवर माझं नाव 'मास्तरीण' आहे हे मला तेव्हा कळलं, तिनेच सांगितलं. मी म्हटलं, "शुभा, मी हरले." ती म्हणाली, "त्याच्याकडून?" मी म्हटलं, "त्याच्याकडूनच." आणि ती हसली. खरंच हसली रे, तू गेल्यापासून पहिल्यांदा. ते हसणं रडण्यात कधी गेलं ते ना तिला कळलं ना मला. घंटा झाली तशी मी तोंड धुऊन सातवीच्या वर्गावर गेले आणि मुलांना म्हटलं, आज स्वतःच काहीतरी सोडवा. आजवर मी असं कधी केलं नव्हतं, त्यामुळे मुलं घाबरून खरंच सोडवत बसली.

काय करणार? नियम म्हणजे नियम, आणि तो तुझाच. आपल्या फॅन्टसी फुटबॉल लीगच्या पहिल्या वर्षी केतन तुझ्याकडून हरला आणि त्याने ग्रुपवर नुसता अंगठा टाकला, तेव्हा तू तडक त्याच्या औषधांच्या दुकानात जाऊन उभा राहिलास. गिऱ्हाइकांसमोर. "हरलास ना? मग तोंडाने बोल." बिचारा खोकल्याची बाटली हातात धरून त्याच्या गुजरातीत म्हणाला, "हा भाई, हुं हारी गयो. हवे शांति?" तेव्हापासून ठरलं. हरणाऱ्याने मंगळवारी जिंकणाऱ्याला फोन करायचा आणि तोंडाने 'हरलो' म्हणायचं. मेसेज चालणार नाही, अंगठा तर नाहीच नाही.

हा सगळा खटाटोप नेमका काय आहे ते तू शुभाला पहिल्यांदा समजावत होतास तेव्हा मी समोरच बसले होते. खेळणारे तिकडे विलायतेत. आपण इथे बसून त्यांच्यातले अकरा निवडायचे. त्यांनी गोल केला, गोल अडवला की गुण आपल्याला. दर आठवड्याला आपल्या आठ जणांच्या चार जोड्या, आणि जोडीत ज्याचे गुण जास्त तो जिंकला. शुभाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे वरात दुसऱ्याची आणि नाचायचं आपण." तू एवढा हसलास की सेवउसळीची तरी शर्टावर सांडलीस.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सात जण झाले होते, जोड्या लागेनात, म्हणून मला ओढलंस. वाडीत लहानपणी लगोरीलाही मला असंच घ्यायचास, भिडू कमी पडला की आमच्या ओट्याखाली येऊन हाका मारायचास. पण गणित शिकवणाऱ्या बाईच्या हातात आकडे दिलेस की काय होतं ते तुला दुसऱ्याच वर्षी कळलं. मी कोण किती मिनिटं खेळतो, कुणाचा पुढचा सामना सोपा आहे, सगळं बघून टीम लावायचे आणि जिंकायचे. तू मात्र 'बाराभाई' टीमचा मालक. अकरा ते आणि बारावा मी, म्हणायचास. कारभारही नावाला शोभेल असाच. ज्याचा गुडघा दुखतोय, ज्याला बाकावर बसवलंय, ज्याला सगळे 'संपला' म्हणतायत, तो तुला हवा. आणि एकदा घेतला की वर्षभर सोडायचा नाही. "अगं, वाईट दिवस आले म्हणून माणसाला बदलायचं का?" असं तू मला विचारायचास. माणसाला नाही रे बाबा, पण फॅन्टसी लीगमधल्या खेळाडूला बदलतात, ती सोयच त्यासाठी असते, हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल! पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून तू हरायचास, आणि हरायचास म्हणून फोन करायचास. मंगळवारी दुपारी, मकरपुऱ्याच्या कंपनीतून, जेवणाच्या सुट्टीत. मागे कुठलंतरी मशीन घरघरत असायचं. "वैशे, हरलो. झालं समाधान? आता बोल, बाबांचं कसं आहे?" माझे बाबा अंथरुणाला खिळले होते त्या वर्षी मला कोणी विचारलं नाही असं नाही, पण सगळे विचारायचे ते मान वाकडी करून, हळू आवाजात. तू विचारायचास ते डबा खाता खाता. "आज काय म्हणाले? अजून मास्तरांसारखे ओरडतात का? ओरडतायत ना? मग चांगलंय." त्या आठवड्यात तुझी जोडी माझ्याशी नसली तरी तू मला फोन करायचास. "केतनकडून हरलो. त्याला सांगून झालं, आता तुला सांगतो." मी म्हणायचे, नियमात हे बसत नाही. तू केतनच्या गुजरातीत म्हणायचास, "जवा दे ने!" बाबा गेले त्या मंगळवारीसुद्धा तुझा फोन आला होता. त्या दिवशी तू हरलो म्हणाला नाहीस. काहीच म्हणाला नाहीस, नुसता फोन धरून होतास, आणि मागे ते मशीन. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती, मानले असते तर तू वर्षभर चिडवलं असतंस. आता मानते. चिडव.

आणि मग यंदाचा तो रविवार. नव्या हंगामाची टीम लावायला आपण सगळे तुझ्या गोत्री भागातल्या घरी जमलो होतो. शुभाने साबुदाणेवडे केले होते. पहिल्याच आठवड्यात तुझी-माझी जोडी लागली हे बघून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आणि तू कप्तान कुणाला केलंस? 'आजोबा'ला! आपण सगळे त्याला आजोबा म्हणायचो, कारण त्याच्याबरोबर खेळायला लागलेले कधीच निवृत्त होऊन टीव्हीवर बडबड करायला लागले आणि हा अजून बूट बांधतोय. कप्तानाचे गुण दुप्पट होतात, सगळा खेळ तिथे असतो. मी तुला म्हटलं, "नंदू, तो मैदानावर पाय ठेवणार नाही. लिहून घे."

"त्याचा शेवटचा हंगाम आहे, वैशे."

"मग त्याला हार घाल. कप्तान कशाला करतोस?"

"शेवटच्या वर्षी माणसाला सोडायचं नसतं."

"बरं, नको सोडूस. निदान उपकप्तान तरी डोकं वापरून ठेव. कप्तान एक मिनिटही खेळला नाही तर उपकप्तानाचे दुप्पट होतात. बांबूला ठेव." बांबू म्हणजे तो उंच बचावपटू, ज्याला तू केवळ जागा भरायला घेतला होतास.

तू वडा तोंडात टाकून म्हणालास, "तुझं ऐकलं तर मी कसला नंदू?" सगळे हसले. मी खरोखर वैतागले होते. निघताना दारात मी पुन्हा विषय काढला, तू लिफ्टचं बटण दाबलंस आणि कानावर हात ठेवलेस. आपलं शेवटचं बोलणं ते. तुझे कानावर ठेवलेले हात आणि बंद होणारं लिफ्टचं दार. भांडण अर्धंच राहिलं. मी म्हटलं, मंगळवारी बघू.

बुधवारी सकाळी तू कंपनीच्या बसमध्ये बसलास, नेहमीच्या खिडकीशी. मकरपुऱ्याला सगळे उतरले. शेजारच्याला वाटलं, तुला झोप लागली. त्याने खांद्यावर हात ठेवला. यापुढचं मला लिहायचं नाही. दुपारी तुला घरी आणलं तेव्हा मी शुभाच्या शेजारी बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच मूर्ख विचार होता, की याला डब्यात आज काय दिलं होतं. नंतर कळलं, गवार. तुला आवडत नसे.

शुक्रवारी संध्याकाळी केतन मला तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेऊन गेला. वर माणसं बसली होती. त्या रात्रीपासून सामने सुरू होणार होते. लीगचा कारभार ॲपवर माझ्याकडे आहे, म्हणून मला वाटलं, लीग पुढे ढकलायचं बोलेल. तो म्हणाला, "वैशाली, एक वार तो जीतवा दे एने."

मला समजलंच नाही. मग त्याने समजावलं. तुझी टीम लागलेली होती, मंगळवारी संध्याकाळी तूच शेवटचा हात फिरवला होतास असं शुभा म्हणत होती. मी फक्त माझे दोन-तीन चांगले खेळाडू बाकावर बसवायचे. कुणाला सांगायचं नाही. "बिचारो कायम छेल्लो ज आवतो. आ एक वार..." कायम शेवटचा येणारा तू एकदा तरी जिंकावास, म्हणत तो रडायला लागला. एवढा आडदांड माणूस, स्कूटरच्या सीटवर डोकं ठेवून.

आणि मी त्याच्यावर ओरडले, नंदू. त्या अवस्थेत. "गेलाय म्हणून त्याला गुण दान करू का? बिचारा काय? नंदू काय बिचारा होता? जिवंत असता तर मी सोडलं असतं का त्याला?" वॉचमन उठून बघायला लागला. मला तेव्हा एवढंच कळत होतं, की सगळं जग तुझ्याशी हळू आवाजात वागायला लागलंय, फोटोला हार घालतंय, 'देवमाणूस होता' म्हणतंय. तू देवमाणूस नव्हतास. तू हट्टी होतास, पसारा घालायचास, माझी पुस्तकं नेऊन परत द्यायचा नाहीस, आणि मला तू तसाच्या तसा हवा होतास. जोवर मी तुझ्याशी जीव तोडून खेळत होते तोवर तू जिवंत माणसासारखा समोर होतास. मी हात सैल सोडला असता तर तू त्या फोटोत जाऊन बसला असतास. हे केतनला नीट सांगता आलं नाही. तो डोळे पुसत म्हणाला, "तने जे ठीक लागे ते." मी तिथेच उभी राहून माझी टीम लावली, जितकी चांगली लावता येईल तितकी.

शनिवार-रविवार मी सामने बघितले. तुझ्याशिवाय, आवाज बंद करून. तुझी टीम उघडून बघायचं धाडस होत नव्हतं, फक्त तुझ्या नावापुढचा आकडा दिसायचा आणि तो हळूहळू वाढायचा. तुला काय सांगू, त्या आकड्याने माझी काय अवस्था केली! तू निवडलेली माणसं अजून धावत होती. तुझं काहीतरी अजून चालू होतं. इकडे शुभाकडे अस्थिविसर्जनाचं बोलणं, यंदा गणपती बसवायचा नाही, मूर्तिकाराला कळवायचं, ही चर्चा. आणि तिकडे तुला दोन गुण मिळाले, सहा मिळाले. मी देवाला म्हणत होते, हा आठवडा संपवू नकोस. जिंकण्या-हरण्याचं मला काही नव्हतं, फक्त तो संपायला नको होता.

सोमवारी मी थोडीशी पुढे होते. उरला होता फक्त आजोबाचा सामना, आणि तो आपल्याकडे मध्यरात्रीनंतर. मी झोपून गेले. सकाळी चहा ठेवून फोन उघडला. आजोबाने मैदानावर पाय ठेवला नव्हता. शेवटपर्यंत बाकावर बसून होता, अंगात जाड जाकीट घालून. मी म्हटलं होतं तसंच. मी गॅस बंद केला आणि बघितलं तर मी हरले होते.

तेव्हा मात्र तुझी टीम उघडली. बांबूच्या नावापुढे उपकप्तानाची खूण होती. शनिवारी त्याने डोक्याने गोल मारला होता आणि समोरच्यांना एकही मारू दिला नव्हता. त्याचे सगळे गुण दुप्पट झाले होते.

तू माझं ऐकलं होतंस.

कधी ऐकलंस रे? मी लिफ्टने खाली पोचायच्या आत? की मंगळवारी संध्याकाळी, शुभा म्हणते तसा शेवटचा हात फिरवताना? आणि मला सांगणार होतास का? नसतंच सांगितलंस. "माझी निवड होती" म्हणाला असतास, आणि मी चिडले असते, आणि पुढची पाच वर्षं हे भांडण आपल्याला पुरलं असतं. आजोबाबद्दल मी बरोबर होते म्हणूनच मी हरले. तो एक मिनिट जरी खेळला असता तरी मी जिंकले असते. हे एवढं गमतीदार आहे, नंदू, आणि हे ज्याला सांगावं असा जगात एकच माणूस होता. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मोठमोठ्याने रडले. बुधवारी रडले नव्हते तेवढी.

आता पुढचं ऐक. उद्या तुझा दहावा, आणि उद्याच दुसऱ्या आठवड्याची टीम लावायची मुदत. तुझी टीम लीगमध्ये ठेवायची की काढायची, हे कारभारी म्हणून मला ठरवायचं होतं. काढली तर ॲप तुझे सगळे निकाल पुसतं, म्हणजे हा विजयही पुसला जाणार, जणू तू कधी नव्हतासच. ठेवली तर तिला हात लावणारं कोणी नाही. दर आठवड्याला कोणीतरी जायबंदी होणार, आजोबा बाकावर जाकीट घालून बसणार, आणि तू हरत हरत तळाला जाणार. केतन म्हणाला, "रोज-रोज एनी फजेती माराथी नहीं जोवाय." तुझी फजिती त्याला बघवणार नव्हती, त्याचंही खरं होतं. मला काही सुचत नव्हतं. काल संध्याकाळी मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन शुभाकडे गेले आणि शेवटी तिलाच विचारलं. खरं तर विचारायला नको होतं, तिला कमी का काळज्या आहेत? त्या घरात तुम्ही दोघंच. आता सगळे नातेवाईक तेराव्यानंतर आपापल्या गावी जातील.

ती गॅलरीत तुझे शर्ट काढत होती. म्हणाली, "हरेल तर हरू दे की. हरला की घरी येऊन भाजीला नावं ठेवायचा. मी समजून जायचे." मग शर्टाची घडी घालता घालता म्हणाली, "त्याने निवडलेत ते राहू देत. त्यात कुणी हात घालू नका. लंगडे होऊ देत, म्हातारे होऊ देत. पण त्याचं नाव काढू नकोस, वैशाली. सगळीकडून काढतायत. आज बँकेतून काढलं."

मी हो म्हटलं. आणि सवयीने, अगदी मूर्खासारखी बोलून गेले, "पण हरल्यावर फोन कोण करणार?"

"मी करीन."

तिने तुझा फोन हातात घेतला. "काय म्हणायचं असतं नेमकं?"

"नंदू हरला, एवढंच."

तिने तिथेच बोलून बघितलं. "केतनभाई, मी शुभा. नंदू..." पुढचा शब्द येईना. मी पाणी आणायला उठले तर तिने मला हाताला धरून बसवलं. थोड्या वेळाने स्वच्छ आवाजात म्हणाली, "नंदू हरला." मग माझ्याकडे वळून, "झालं?"

"झालं. मग गप्पा मारायच्या असतात."

"कशाच्या?"

"कशाच्याही. तो माझ्या बाबांचं विचारायचा."

"तेवढं जमेल मला," ती म्हणाली.

मी तुला काढलेलं नाही, नंदू. पुढच्या आठवड्यात केतन, मग बाकीचे एकेक, आणि फिरून पुन्हा मी. दर मंगळवारी तुझ्या घरून आमच्यापैकी कुणालातरी फोन जाईल. आता माझं एक ऐक. पुन्हा जिंकू नकोस. वर्षभर हर, सगळ्यांकडून हर, अगदी केतनकडूनही हर. तिला आम्हाला फोन करावा लागू दे.